ध्यान आणि फुरसत

ध्यान म्हटले की गुहा, जटा आणि मिटलेले डोळे असे चित्र आपल्यापुढे उभे राहते. ज्याला संसार नाही आणि ज्याला गिरणीचा भोंगा ऐकावा लागत नाही, अशा माणसाचा तो उद्योग, अशी आपली समजूत आहे. आम्ही ज्या कामगार चळवळीत वाढलो, तिच्यात तर ध्यान म्हणजे कामगाराला गुंगी आणण्याचा प्रकार, असेच मानले जाई. ह्या समजुतीत तथ्य किती, हे इतिहासालाच विचारलेले बरे.

प्रथम ध्यान म्हणजे काय ते पाहू. पालि वाङ्मयात त्याची दोन अंगे सांगितली आहेत. समथ म्हणजे चित्त एका ठिकाणी स्थिर करणे. विपश्यना म्हणजे जे आहे ते जसेच्या तसे पाहणे. आरंभ श्वासापासून करतात. श्वास लांबवायचा नाही, रोखायचा नाही. तो येतो-जातो एवढेच जाणायचे. चार श्वास होत नाहीत तोच मन कालच्या भांडणाकडे किंवा महिनाअखेरच्या उसनवारीकडे धावते. ते धावले हे ओळखणे आणि न चिडता त्याला परत आणणे, हीच सारी तालीम. लेथवर नव्याने उभ्या राहिलेल्या पोराचा हात शंभरदा चुकतो, शंभरदा सुधारतो, तेव्हा कुठे तो बसतो. मनाचेही तसेच आहे. पुढे अंगावरील संवेदना पाहावयाच्या. पाय दुखू लागला तरी लगेच हलवायचा नाही. ते दुखणेही बदलते, ओसरते, हे स्वतः पाहावयाचे. अपमान होणे आणि हात उठणे ह्या दोहोंमध्ये एरवी क्षणाचीही उसंत नसते. ती उसंत मिळविणे, हे ह्या शिक्षणाचे फळ होय.

आता हे शिकावे कोणी? नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात ह्याचा सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. त्यांपैकी २,००० वर दरमहा शेकडा १ व्याज. त्यातून वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे. हिशेब करून पाहा. वर्षाचे व्याज २४०, आणि वीस बारे २४०च. म्हणजे लेण्यातला भिक्षू स्वस्थ चित्ताने बसे, तो गोवर्धनच्या मागांच्या जिवावर! ज्याच्या श्रमाने दुसऱ्याला फुरसत मिळाली, त्या विणकराच्या फुरसतीविषयी मात्र लेखात अवाक्षर नाही.

ब्रह्मदेशात हा प्रश्न वेगळ्या रीतीने पुढे आला. १८८५ साली इंग्रजांनी मंडाले घेतले आणि थिबा राजाला पुढे आपल्या रत्नागिरीस आणून ठेवले. तेथेच तो १९१६ साली वारला. राजाश्रय संपला, तेव्हा धर्म सांभाळावा कोणी? लेडी सयाडो (१८४६–१९२३) ह्या विद्वान भिक्षूंनी उत्तर दिले, सामान्य गृहस्थाने. त्यांनी सोप्या भाषेत ग्रंथ लिहिले आणि संसारी माणसांना ध्यान शिकविले. सया थेटजी (१८७३–१९४५) हे शेतकरी त्यांचे शिष्य. त्यांच्याकडे १९३७ साली हिशेब खात्यातले एक नोकरदार आले. ते ऊ बा खिन (१८९९–१९७१). देश १९४८ साली स्वतंत्र झाल्यावर ते पहिले महालेखापाल झाले, आणि त्यांनी आपल्या कचेरीतील माणसांना ध्यान शिकविले. नोकरदाराला महिनोन्‌महिने रानात जाता येत नाही, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही. त्यांनी दहा दिवसांची शिबिरे घेतली. त्यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका (१९२४–२०१३) ह्यांनी जुलै १९६९ मध्ये मुंबईत पहिले शिबिर घेतले, आणि १९७६ पासून इगतपुरीला, घाटमाथ्यावरील त्या रेल्वेच्या गावी, केंद्र उभे राहिले. तेथे शुल्क नाही. आधी शिकून गेलेल्यांच्या दानावर नव्याचा खर्च चालतो.

राजाश्रयाकडून शेतकऱ्याकडे, शेतकऱ्याकडून कचेरीत, असा हा प्रवास आहे. तेव्हा ध्यान ही रिकामटेकड्यांची मिरास, हे म्हणणे टिकत नाही. तथापि शुल्क नसले तरी दहा दिवस लागतातच, आणि रोजंदारीवरच्या माणसाचे दहा दिवस म्हणजे दहा दिवसांची चूल. आजकाल काही ठिकाणी मालकवर्गच ध्यानाचे वर्ग भरवितो. पाळी बारा तासांची, आणि शिणवट्यावर उतारा म्हणून वीस मिनिटे डोळे मिटावयाचे! येथे आमचा जुना संशय अगदी रास्त ठरतो. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या चळवळीमुळे १८९० साली मुंबईच्या गिरणीकामगाराला रविवारची सुटी मिळाली. ती कोणी आपण होऊन दिली नव्हती, मागून आणि झगडून मिळाली. मनाच्या शिक्षणालाही आधी अशीच पगारी रजा हवी, झोप हवी.

परंतु संघटनेनेही ह्या शिक्षणाकडे पाठ फिरवू नये. संपाच्या पंधराव्या दिवशी दारावर एखादी कंडी पिकते, जमाव उसळतो, आणि कोणी एकाने दगड उचलला की महिन्याची मेहनत मातीत जाते. त्या वेळी ज्याला आपला राग दिसतो आणि तरीही ज्याची मागणी ढळत नाही, असा माणूस सभेला हवा असतो. असा माणूस शिकवून तयार होतो, हे ब्रह्मदेशच्या शेतकऱ्याने आणि हिशेबनिसाने दाखविले आहे. त्याला शिकावयास वेळ मिळवून देणे, हे काम आपले आहे.