अवश्यतेची शीव

एखादे विधान सत्य असणे निराळे आणि ते अवश्यमेव सत्य असणे निराळे. हा भेद ॲरिस्टॉटललाही ठाऊक होता. अमेरिकन तत्त्वज्ञ सी. आय. लुइस याने १९३२ साली लँगफर्डसमवेत लिहिलेल्या ग्रंथात त्याचे नियम पाच पद्धतींत मांडले. नियम सिद्ध झाले. पण ‘अवश्य’ या शब्दाचे चित्र काही डोळ्यांपुढे उभे राहीना.

ते चित्र टॉपॉलॉजीने पुरविले. अंतर न मोजता केवळ सान्निध्याचा विचार करणारी ही गणिताची शाखा. पोलंडच्या कुरातोव्स्कीने १९२२ साली तिचा पाया चार सूत्रांत बसविला होता.

समजा, एखादे विधान जेथे जेथे खरे ठरते, त्या सर्व जागा मिळून एक गाव होते आणि त्याची शीवही गावातच मोडते. शिवेवर उभ्या असलेल्या माणसापुरते ते विधान खरे आहे. परंतु तो रेसभर सरकला की ते खोटे ठरू शकते. शिवेच्या आतील माणसाभोवती मात्र चहूकडे थोडी तरी गावचीच जमीन असते. तेथे ते विधान अवश्य सत्य होय. आतल्या भागाचा आतला भाग तोच राहतो. म्हणून जे अवश्य, ते अवश्य असणेही अवश्य ठरते. हाच लुइसच्या चौथ्या पद्धतीचा नियम. जे शक्य ते अवश्यमेव शक्य, असे पाचवी पद्धत म्हणते. ते मात्र शिवेवर टिकत नाही, कारण पलीकडे पाऊल पडताच ती शक्यता संपते.

हा संबंध पूर्णपणे सिद्ध करणारा आल्फ्रेड तार्स्की १९३९ च्या ऑगस्टमध्ये एका परिषदेसाठी अमेरिकेस गेला आणि मागे युद्ध पेटले. पत्नी व दोन मुले वॉर्सातच अडकली. त्यांची भेट १९४६ साली झाली. आईवडील व भाऊ नाझी संहारात बळी पडले. त्याच काळात, १९४४ साली, त्याने व मॅकिन्झीने टॉपॉलॉजीच्या बीजगणितावरील निबंध प्रसिद्ध केला. त्याचे फलित, जे १९४८ च्या निबंधात अधिक स्पष्ट झाले, ते असे : चौथ्या पद्धतीत जे सिद्ध होत नाही, त्याचा अपवाद साध्या संख्यारेषेवरही सापडतो.

इकडे वॉर्सात १९४४ च्या उठावात हेलेना रासिओवा हिचा प्रबंध जळाला. तिने तो पुन्हा लिहून १९४५ साली पदवी मिळविली आणि पुढे याच विषयावर १९५० साली डॉक्टरेट घेतली. सिकोर्स्कीसह तिने १९६३ साली लिहिलेला ग्रंथ या विद्येचा आधारग्रंथ ठरला.

मोजमापात थोडी चूक राहणारच, हे मान्य केल्यास या सिद्धान्ताचे व्यवहारातील मोल कळते. शिवेवरचे सत्य सत्यच असते. पण कितीही बारीक मापाने त्याची खात्री देता येत नाही. खात्री द्यावयाची तर चहूबाजूंनी थोडी जागा हवी. ज्यांच्या पायांखालची जमीन सरकली होती, त्यांनीच हे जगाला सिद्ध करून दिले.