हश्माल आणि अग्वानिया : दैनंदिन हिब्रू शब्दांचा अर्थेतिहास

आधुनिक हिब्रूच्या इतिहासाची मांडणी बहुधा 'मृत भाषेचे पुनरुज्जीवन' ह्या रूपकाच्या आधारे केली जाते. हे रूपक दिशाभूल करणारे आहे. प्रार्थना, धर्मचर्चा, पत्रव्यवहार आणि काव्य ह्यांत हिब्रू अखंड वापरात होती; तिच्यापाशी नव्हता तो घरगुती व्यवहार. तो पूर्व युरोपात यिडिशने, तर कोकणातल्या बेने इस्राएल समाजात मराठीने सांभाळला. १८४६ साली मुंबईत छापलेल्या हागादाह ह्या वल्हांडणाच्या ग्रंथात हिब्रू संहितेसोबत मराठी भाषांतर आहे, हे ह्याच विभागणीचे द्योतक होय. एलिएझर बेन-येहुदा १८८१ मध्ये पॅलेस्टाइनला पोचले, तेव्हा त्यांच्यापुढचा प्रश्न पवित्र संहितेच्या भाषेला स्वयंपाकघरात आणि बाजारात आणण्याचा होता. ह्या स्थलांतरात शब्दार्थाचे काय होते, हे दोन उदाहरणांवरून पाहता येईल.

'हश्माल' म्हणजे आज वीज. बायबलमध्ये हा शब्द केवळ यहेज्केलच्या ग्रंथात येतो : वादळ, मेघ आणि अग्नी ह्यांच्या मध्यभागी संदेष्ट्याला दिसलेले गूढ तेज. प्राचीन ग्रीक भाषांतरकारांनी त्यासाठी 'इलेक्ट्रॉन' हा शब्द योजला. तृणमण्याच्या ह्याच ग्रीक नावावरून युरोपीय भाषांत विजेचे नाव घडले. आणि एकोणिसाव्या शतकात हिब्रूने तोच मार्ग उलट दिशेने चालून आपला शब्द परत मिळवला. ह्या योजनेचे श्रेय कवी येहुदा लेब गॉर्डन ह्यांना दिले जाते. तालमूदच्या 'हगिगा' प्रकरणात अशी कथा आहे, की गुरुगृही यहेज्केल वाचणाऱ्या एका मुलाला 'हश्माल'चा अर्थ उमगला आणि त्यातून निघालेल्या अग्नीने तो जळून गेला. आज तोच शब्द नवशिका विजेच्या बिलावरून शिकतो.

'अग्वानिया' म्हणजे टोमॅटो. जर्मनमधील 'प्रेमाचे सफरचंद' ह्या जुन्या नावाच्या धर्तीवर, कामासक्तीचा वाचक असलेल्या धातूपासून हा शब्द घडवला गेला. यहेज्केलच्या तेविसाव्या अध्यायात, दोन व्यभिचारी बहिणींच्या रूपककथेत, ह्या धातूची रूपे पुनःपुन्हा येतात. बेन-येहुदांनी अरबीवरून घेतलेला 'बादुरा' पुरस्कारला. परंतु तो रुजला नाही. कोशकार शब्द सुचवतो, त्यावर शिक्कामोर्तब मात्र बाजार करतो.

गेर्शोम शोलेम ह्यांनी १९२६ मध्ये फ्रान्झ रोझेन्झ्वाइग ह्यांना लिहिलेल्या पत्रात ह्या लौकिकीकरणाविषयी भीती व्यक्त केली. शब्दांतील धार्मिक शक्ती नष्ट होत नाही, ती सुप्त राहते आणि पुढे उसळून येईल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. रोजच्या व्यवहाराकडे पाहिले तर ही भीती अतिरंजित वाटते. दिवा लावणाऱ्याला संदेष्टा आठवत नाही. तथापि, येथे व्युत्पत्ती आणि स्मृती ह्यांत भेद केला पाहिजे. युरोपीय शब्दातला तृणमणी केवळ व्युत्पत्तिकाराला ठाऊक असतो; 'हश्माल'चे उगमस्थान असलेली संहिता मात्र इस्राएलमधील हिब्रू शाळांत आजही शिकवली जाते. जुना अर्थ मेलेला नसतो, तो संदर्भाची वाट पाहत असतो. कवी तो संदर्भ पुरवू शकतो. म्हणून शब्दकोशातील पहिल्या अर्थावर थांबणारा वाचक हिब्रू बोलू शकेल. तिचे साहित्य मात्र त्याला अर्धेच वाचता येईल.