एअर रायफलची पारख

एअर रायफलची पारख म्हणजे दाबलेल्या हवेच्या जोरावर छर्रा सोडणाऱ्या रायफलची अचूकता, टिकाऊपणा व वाजवी किंमत प्रत्यक्ष चाचणीवरून ठरवणे होय. नामांकित कंपन्यांच्या रायफलींविषयी स्पर्धांचे निकाल आणि जुन्या नेमबाजांचा अनुभव उपलब्ध असतो. अल्पपरिचित बनावटीच्या रायफलीला असा आधार नसतो. तिचे मोजमाप खरेदीदारालाच करावे लागते.

पार्श्वभूमी

पुणे जिल्ह्यात हा प्रश्न विशेषतः मुळशी तालुक्यातील म्हाळुंगे आणि शेजारच्या बालेवाडीच्या परिसरात येतो. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी येथे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल उभारण्यात आले. २००८ च्या राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धांतील नेमबाजीही येथेच झाली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने बालेवाडीत सराव केला आहे. नवोदितांची सुरुवात बहुधा १० मीटर एअर रायफलने होते आणि पहिली रायफल कोणती घ्यावी हा प्रश्न तेव्हाच उभा राहतो.

आंतरराष्ट्रीय स्पर्धांत जर्मनीच्या फाइनवर्कबाऊ, वॉल्थर व अन्शुट्झ आणि ऑस्ट्रियाच्या स्टायर या बनावटींचे प्राबल्य आहे. त्यांच्या स्पर्धात्मक रायफलींची किंमत लाखांच्या घरात जाते. देशी बनावटीच्या स्प्रिंगच्या रायफली काही हजारांत मिळतात. महाराष्ट्रात ठाणे जिल्ह्यातील प्रेसिहोल स्पोर्ट्स ही कंपनी एअर रायफली बनवते. धातूत लांब व सरळ छिद्र पाडणारी यंत्रे बनवणाऱ्या उद्योगसमूहातून ती पुढे आली. रायफलची नळी हे मुळात असेच एक छिद्र असल्याने ही पार्श्वभूमी दुय्यम नाही. निर्मात्याच्या नावापेक्षा तो नळी स्वतः बनवतो की बाहेरून घेतो, हे विचारणे अधिक उपयोगाचे असते.

अचूकतेचे मोजमाप

१० मीटर प्रकारातील छर्रा ४.५ मिलिमीटर व्यासाचा असतो. लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका केवळ ०.५ मिलिमीटरचा. ठिपक्याला छर्ऱ्याची कड लागली तरी दहा गुण मिळतात. म्हणजेच छर्ऱ्याचे केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून २.५ मिलिमीटरपर्यंत सरकले तरी चालते. मात्र दशांश गुणांकनात दर पाव मिलिमीटरला ०.१ गुण कमी होतो. सर्वोच्च १०.९ गुणांसाठी केंद्र पाव मिलिमीटरच्या आत राहावे लागते. पॅरिस ऑलिंपिकमध्ये अर्जुन बबुता ६० फैरींत ६३०.१ गुण मिळवून अंतिम फेरीत पोहोचला, म्हणजे सरासरी प्रत्येक फैरीला १०.५. या पातळीवर रायफलचा स्वतःचा दोष एक मिलिमीटरचा असला, तरी नेमबाजाचे कौशल्य झाकले जाते.

हा दोष शोधण्यासाठी रायफल शिकंज्यात घट्ट बसवून एकाच ठिकाणी फैरी झाडतात. कागदावरील छिद्रसमूहाची बाहेरून बाहेरची कमाल रुंदी मोजून तीतून ४.५ मिलिमीटर वजा केले की केंद्रांमधील अंतर मिळते. बाहेरची रुंदी ५ मिलिमीटर भरली, तर फैलाव केवळ अर्ध्या मिलिमीटरचा. ही उत्तम नळी. ९.५ मिलिमीटर भरली, तर फैलाव ५ मिलिमीटरचा. अशा रायफलीने निर्दोष नेम धरला तरी कडेच्या फैरी जेमतेम दहा गुणांवर येतात.

प्रसिद्ध कंपन्या स्पर्धात्मक रायफलीसोबत कारखान्यातील चाचणीचे लक्ष्यपत्र देतात. ते नसल्यास विक्रेत्याकडे दहा-दहा फैरींचे किमान तीन समूह मागावेत. तीन फैरींचा सुबक समूह निव्वळ योगायोगानेही येतो, आणि जाहिरातीत नेमका तोच छापलेला असतो. छर्रे बदलल्यास निकाल बदलतो. म्हणून नळीला दोष देण्यापूर्वी दोन-तीन बनावटींचे छर्रे वापरून पाहणे आवश्यक ठरते.

यंत्रणा

स्प्रिंगच्या रायफलीत चाप ओढल्यावर जड दट्ट्या पुढे धावतो आणि छर्रा नळीबाहेर पडण्याआधीच रायफल हादरते. ती प्रत्येक वेळी सारखी धरली नाही तर छर्रा भरकटतो. त्यामुळे अशा रायफलीचा शिकंज्यातील निकाल हातातल्या निकालाशी जुळेलच असे नाही. ती दोन्ही प्रकारे तपासावी. आधीच हवा भरलेल्या सिलिंडरच्या, म्हणजे पीसीपी रायफलीत हा हादरा जवळजवळ नसतो. तिच्यात दाबनियंत्रक महत्त्वाचा असतो. सिलिंडर पूर्ण भरून सलग ६० फैरी झाडाव्यात. शेवटचे छर्रे हळूहळू वर किंवा खाली सरकू लागले, तर दाब स्थिर राहत नाही असे समजावे.

शक्तीचा भ्रम

अल्पपरिचित रायफलींच्या जाहिरातीत वेगाचा आकडा ठळक असतो. तो अचूकतेचा पुरावा नव्हे. स्पर्धेतील सुमारे अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने जातो व त्याची ऊर्जा आठ ज्यूलच्याही आत असते. शस्त्र नियम २०१६ नुसार २० ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जेच्या किंवा ४.५ मिलिमीटरहून मोठ्या नळीच्या एअर रायफलीला परवाना लागतो. परवाना न लागणाऱ्या रायफलीनेही वन्य पक्षी मारणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे. मुळशीसारख्या ताम्हिणी अभयारण्यालगतच्या तालुक्यात याचा अनेकदा विसर पडतो.

किंमत आणि मूल्य

खरेदीची किंमत हा खर्चाचा एक भाग आहे. रबरी सील, स्प्रिंग आणि दाबनियंत्रकाचे भाग झिजतात. ते पुण्या-मुंबईत मिळत नसतील तर स्वस्त रायफल स्पर्धेच्या मोसमात पडून राहते. सील बदलून देणारा कारागीर कोण, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. वाढत्या वयाच्या खेळाडूसाठी दस्त्याची लांबी व गालाच्या आधाराची उंची बदलता येणे नळीइतकेच महत्त्वाचे असते. हलक्या किमतीच्या रायफलीत सर्वप्रथम हीच सोय गाळली जाते. ओपन साइट प्रकारातून पीप साइटकडे वळण्याचा विचार असेल, तर मागील साइट बसवण्याची खाच आहे का तेही पाहावे. वापरलेली नामांकित रायफल आणि नवी अल्पपरिचित रायफल एकाच किमतीत मिळत असतील, तर पहिलीच्या सिलिंडरवरील निर्मितीची तारीख निर्णायक ठरते. अनेक निर्माते सिलिंडरची मुदत दहा वर्षे धरतात आणि मुदत संपलेले सिलिंडर बदलण्याचा खर्च त्या किमतीत मिळवावा लागतो.