कात्रीपासून कार्डापर्यंत

2008 सालच्या दिवाळीत आमच्या घरी फराळाच्या ताटांबरोबर एक लग्नही पुन्हा लागले. लग्न शेजारच्यांच्या मुलीचे, उन्हाळ्यात झालेले. त्याची फिल्म जोडली होती आमच्या भाच्याने. हा व्यवसाय त्याने नुकताच मांडला होता आणि त्यासाठी ताईने दोन बांगड्या मोडून त्याला संगणक घेऊन दिला होता. दुकानदाराने त्यात खेळांसाठीचे एक महागडे ग्राफिक्स कार्ड बसवले आणि ‘आता काही बघायला नको’ असे वर आश्वासनही दिले.

दिवाणखान्यातल्या जुन्या टीव्हीवर डीव्हीडी लागली. पाहतो तो नवरीच्या गजऱ्यातल्या कळ्या एकमेकींत मिसळून नुसता पांढरा गोळा झालेला! नवरदेवाच्या काळ्या कोटाला ना घडी, ना खिसा. सप्तपदीत तर दोघेही पाऊल पुढे टाकीत आणि अर्धे मागे घेत, असे थरथरत चाललेले. “मन बदलले होते की काय ऐनवेळी?” असे कुणीसे म्हणाले. सगळे हसले, नवरीची आई मात्र हसली नाही. भाचा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “मामा, संगणकावर सगळे नीट दिसत होते हो!”

त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. परंतु संगणकाच्या पडद्यावर दिसणारे चित्र आणि टीव्हीवर दिसणारे चित्र ही दोन निरनिराळ्या घराण्यांतली मुले आहेत, हे त्याला कुणी सांगितले नव्हते. या दोन घराण्यांची सोयरीक कशी जमली, हा इतिहास मोठा रंजक आहे.

फिल्मच्या जमान्यात हा प्रश्नच नव्हता. 1913 साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला, तेव्हा कोऱ्या फिल्मला भोके पाडण्याचे किचकट काम सरस्वतीबाई घरीच करीत. ती फीत उजेडाला धरली की चित्र डोळ्यांना दिसे. हवे तिथे कात्री लावावी आणि जोडावे. पुढे 1924 साली अमेरिकेत इवान सेरुरिए यांचे मूव्हिओला हे यंत्र संकलकांच्या हाती आले आणि फीत हलती ठेवून पाहण्याची सोय झाली. तरीसुद्धा जे कापले तेच दिसे, आणि जे दिसे तेच प्रेक्षकापुढे जाई.

हा सरळ व्यवहार मोडला तो 1956 साली. अँपेक्स कंपनीने दोन इंच रुंदीच्या चुंबकीय फितीवर टीव्हीचे चित्र साठवणारे यंत्र आणले. फीत उजेडाला धरा, उलटी करा, काही दिसायचे नाही. नुसती तपकिरी पट्टी! मग संकलक त्या फितीवर लोखंडाच्या बारीक कणांचे द्रावण लावीत, उमटलेल्या रेघा सूक्ष्मदर्शकातून न्याहाळीत आणि पात्याने काप घेत. चित्रकाराने डोळे बांधून चित्र काढावे तशातला हा प्रकार. तेव्हापासून चित्र दाखवण्यासाठी मधे एक यंत्र आले, आणि ते यंत्र खरे बोलते की नाही ही नवीच काळजी संकलकाच्या मागे लागली.

1971 साली सीएमएक्स 600 या यंत्राने संगणक या धंद्यात आणला. संकलकाने प्रकाशलेखणीने पडद्यावर खुणा करायच्या आणि चकत्यांवर साठवलेले कृष्णधवल चित्र हवे तसे मागेपुढे करायचे. पण ते चित्र पुसट, निव्वळ कच्च्या खर्ड्यासारखे. पक्के काम शेवटी मूळ फितींवरूनच व्हायचे.

चित्र आकड्यांत मांडायचे तर आकडे कोणते, यावर 1982 साली आंतरराष्ट्रीय तडजोड झाली. अमेरिकेकडे 525 रेघांचे चित्र, युरोपाकडे आणि आपल्याकडे 625 रेघांचे. दोघांनाही पूर्णांकात बसेल असा सेकंदाला 1 कोटी 35 लाख नमुन्यांचा वेग ठरला, आणि रेघेवर 720 ठिपके. काळ्यासाठी 16 आणि पांढऱ्यासाठी 235 हे आकडे मुक्रर झाले. वरखाली थोडी जागा मोकळी ठेवली, कढईत उकळी येईल म्हणून ठेवतो तशी. संगणकाने मात्र आपला काळा 0 वर आणि पांढरा 255 वर ठेवला होता. आमच्या गजऱ्याचा गोळा झाला तो इथे! 235 च्या वरच्या छटा टीव्हीने सरसकट पांढऱ्यात जमा केल्या आणि 16 च्या खालच्या काळ्यात.

सप्तपदीचे कोडे याहून जुने. आपल्याकडच्या टीव्हीवर सेकंदाला 25 चित्रे येत, पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत: आधी एकाआड एक रेघा, मग उरलेल्या. भाच्याच्या हातून हप्त्यांचा क्रम उलटला होता. संगणकाचा पडदा दोन्ही हप्ते एकदम दाखवतो, म्हणून तिथे चूक कळली नाही. टीव्हीने ते इमानाने एकामागून एक दाखवले, आणि नवरानवरी मागेपुढे होऊ लागली.

ही दरी बुजवण्याचा एक गाजलेला प्रयत्न 1990 साली अमेरिकेत झाला. अमिगा संगणकाची अंतर्गत घड्याळगती टीव्हीच्या संकेताशी जुळणारी होती. हे हेरून न्यूटेक कंपनीने त्यात बसणारे ‘व्हिडिओ टोस्टर’ हे कार्ड काढले, आणि लहान स्टुडिओंना मोठ्यांचे खेळ खेळता येऊ लागले. पण ते अमेरिकी पद्धतीच्या चित्रालाच बांधलेले. आपल्या पद्धतीला निरुपयोगी. त्याच सुमारास, 1989 साली, मॅकिंटॉशवर चालणारे अ‍ॅव्हिड आले. 1996 चा ‘द इंग्लिश पेशंट’ वॉल्टर मर्च यांनी त्यावर जोडला आणि संकलनाचे ऑस्कर मिळवले.

खऱ्या टीव्हीसाठी शुद्ध संकेत बाहेर काढणारी कार्डे मात्र बड्या स्टुडिओंनाच परवडत. 2002 साली मेलबर्नच्या ब्लॅकमॅजिक कंपनीने डेकलिंक हे कार्ड हजार डॉलरांच्या आत विकायला काढले, तेव्हा ही मिरास संपली.

आता त्या महागड्या ग्राफिक्स कार्डाविषयी. दुकानदार लबाड नसेलही, पण त्या घडीला त्याचे बोलणे फोल होते. भाच्याच्या संकलनाच्या प्रोग्रॅमला त्या कार्डाकडून काम करून घेणे फारसे ठाऊकच नव्हते. ते शिकला 2010 साली अडोबीचा प्रीमियर, आणि तोही कंपनीच्या यादीत नावे असलेल्या मोजक्या कार्डांकडूनच. मग हुशार पोरांनी ती यादी म्हणजे एक साधी मजकुराची फाइल असल्याचे शोधून काढले आणि आपापल्या कार्डांची नावे तिच्यात घुसडली. बहुतेक कार्डे बिनतक्रार चालली!

आज ग्राफिक्स कार्डाशिवाय या धंद्यात पान हलत नाही, हे कबूल. रंगकाम असो, चित्र मोठे असो, कार्डाची स्मृती अपुरी पडली की सगळे अडते. तरीही मला कुणी विचारले तर मी म्हणेन, आधी चित्र बाहेर काढणाऱ्या साध्या कार्डासाठी आणि एका भरवशाच्या पडद्यासाठी पैसे बाजूला काढा. उरतील त्यात ग्राफिक्स कार्ड घ्या. वेग कमी असला तर चहा होईपर्यंत थांबता येते. खोटे दाखवणाऱ्या पडद्यासमोर बसून केलेले काम मात्र सगळे पुन्हा करावे लागते.

भाच्याने तेच केले. महागडे कार्ड एका खेळवेड्या मुलाला निम्म्या किमतीत विकले, त्यातून एक लहानसे आउटपुट कार्ड घेतले आणि आमचा तो जुना टीव्ही उचलून आपल्या टेबलाशेजारी नेऊन ठेवला. तुळशीच्या लग्नापर्यंत त्याने अख्खी फिल्म पुन्हा जोडली आणि पैसे न घेता शेजारी नेऊन दिली. त्यांच्या घरी ती लागली तेव्हा मीही होतो. नवरीची आई टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसली आणि गजरा दिसताच म्हणाली, “मोगऱ्याचा आहे. पहाटे उठून मीच गुंफला होता.”