मागच्या चाकांवर पळणारी स्पोर्ट्स कार बर्फातही रोज चालवता येते का?

जर्मनीत सेकंडहँड गाड्यांच्या जाहिराती चाळताना माझदा एमएक्स-५ हमखास दिसते. दोन सीटची, उघडणाऱ्या छताची, मागच्या चाकांना ताकद देणारी छोटी गाडी. १९८९ पासून बनतेय आणि किंमतही पोर्शेसारखी अंगावर येत नाही. पण त्यातल्या बऱ्याच गाड्यांच्या नंबरप्लेटच्या टोकाला ०४ आणि १० असे दोन आकडे एकाखाली एक छापलेले असतात. हा हंगामी नंबर. गाडी एप्रिल ते ऑक्टोबर एवढेच महिने रस्त्यावर येणार, टॅक्स आणि विमाही तेवढ्याच महिन्यांचा. उरलेले महिने ती सार्वजनिक रस्त्यावर उभीसुद्धा करता येत नाही.

पुण्याहून स्टुटगार्टला किंवा म्युनिकला नोकरीला गेलेल्या आणि एकच गाडी परवडणाऱ्या माणसाला मग साहजिकच प्रश्न पडतो. ही गाडी हिवाळ्यात चालतच नाही, की लोक तिला फक्त जपतात?

चालते. "रिअर व्हील ड्राइव्ह म्हणजे बर्फात धोका" हे वाक्य अर्धंच खरं आहे, आणि कुठलं अर्धं खरं हे कळलं नाही तर माणूस चुकीच्या गोष्टीवर पैसे खर्च करतो.

ताकद मागे गेली की नक्की काय बदलतं?

टायरची पकड दोन गोष्टींवर ठरते. त्या चाकावर किती वजन आहे, आणि रबर व रस्ता यांच्यातलं घर्षण किती. घर्षणाचा गुणांक कोरड्या डांबरावर ०.८ च्या आसपास असतो. दाबल्या गेलेल्या बर्फावर चांगला विंटर टायर असेल तर तो ०.२ ते ०.३ मिळतो, आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर ०.१ च्या आसपास येतो.

आता गाडी पुढे पळते तेव्हा वजन मागे सरकतं. बस सुटताना आपण मागे ढकलले जातो, तसंच. म्हणून कोरड्या रस्त्यावर मागची चाकं फिरवणं फायद्याचं असतं. गणित करून बघू. ड्रायव्हरसकट ११५० किलोची एमएक्स-५, वजन पुढेमागे निम्मं-निम्मं, दोन ॲक्सलमधलं अंतर २.३१ मीटर, आणि गुरुत्वमध्य ४५ सेंटीमीटर उंचीवर धरू. कोरड्या रस्त्यावर ०.५ जी एवढं ॲक्सिलरेशन घेतलं तर साधारण ११० किलो वजन मागे सरकतं. बर्फावर मुळात ०.१३ जी एवढंच ॲक्सिलरेशन मिळतं, त्यामुळे सरकतं फक्त ३० किलो. म्हणजे स्पोर्ट्स कारचा जो मोठा फायदा, तोच बर्फात जवळपास गायब होतो. फ्रंट व्हील ड्राइव्ह हॅचबॅकमध्ये मात्र इंजिन आणि गिअरबॉक्स फिरणाऱ्या चाकांवरच बसलेले असतात, तिथे ६० टक्के वजन आयतंच मिळतं. हे झालं खरं अर्धं.

आता चढ घेऊ. ०.२५ घर्षण धरलं, तर वरची एमएक्स-५ शंभर मीटरला साधारण १३ मीटर चढणारा रस्ता कशीबशी चढते. हॅचबॅक १४ मीटरचा. बस, एवढाच फरक! कारण चढावर वजन पुन्हा मागे झुकतं, ते एमएक्स-५ च्या पथ्यावर पडतं आणि हॅचबॅकच्या मुळावर येतं. पण त्याच हॅचबॅकला समर टायर असले आणि पकड निम्मी झाली, तर ती ७ मीटरच्या चढावरच चाकं फिरवत बसते. (ही गणितं आदर्श रस्त्याची आहेत. खऱ्या बर्फात ढिगाऱ्यांचा अडथळाही असतो, तो सोडलाय.)

मागे वजन असलेल्या गाड्यांची गोष्टच वेगळी. पोर्शे ९११ चं इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे असतं, त्यामुळे ६० टक्क्यांहून जास्त वजन फिरणाऱ्या चाकांवर येतं. बर्फातून निघताना ती साध्या हॅचबॅकपेक्षा बरी पडते. आणि आता फोक्सवॅगन आयडी.३ सारख्या इलेक्ट्रिक गाड्यांमुळे रिअर व्हील ड्राइव्ह पुन्हा साध्या कुटुंबाची गाडी होतेय.

तसं आपल्याकडे ती कधी गेलीच नव्हती. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी, ॲम्बॅसॅडर, बोलेरो, इनोव्हा क्रिस्टा, सगळ्या मागच्या चाकांवरच. पद्मिनीने कित्येक पावसाळे बारा महिने भाडं मारलं आणि कुणी तिला "सीझनल" म्हटलं नाही. फक्त तिला बर्फ लागला नाही, आणि ड्रायव्हरच्या पायाखाली १८४ हॉर्सपॉवरही नव्हती.

निघणं वेगळं, थांबणं वेगळं

वरचं सगळं निघण्याबद्दल होतं. ब्रेक तर चारही चाकांना असतात. ताशी ५० किलोमीटरवरून थांबायला कोरड्या रस्त्यावर, घर्षण ०.८ असताना, १२ मीटर लागतात. तेच ०.३ असताना ३३ मीटर आणि ०.२ असताना ४९ मीटर. या सूत्रात ताकद कोणत्या चाकांना मिळते हे कुठेच येत नाही. फोर व्हील ड्राइव्हची एसयूव्ही बर्फात झपकन निघते आणि म्हणूनच तिच्या मालकाला रस्ता किती निसरडा आहे ते ब्रेक दाबेपर्यंत कळत नाही. रिअर व्हील ड्राइव्ह गाडी सिग्नलवरून निघतानाच शेपूट हलवून सांगते. मला हा दोष कमी आणि सूचना जास्त वाटते.

मग पैसे कुठे घालायचे? टायरमध्ये

समर टायरचं रबर थंडीत कडक होतं. साधारण ७ अंश सेल्सियसखाली त्याची पकड घसरायला लागते, आणि स्पोर्ट्स कारचे टायर तर उन्हाळ्यासाठीच बनवलेले, त्यामुळे ते आधी दगा देतात. कडक थंडीत अशा टायरचा ट्रेड तडकूही शकतो. विंटर टायरचं रबर मऊ राहतं आणि त्याच्या ठोकळ्यांवर ब्लेडने मारल्यासारख्या शेकडो बारीक चिरा असतात. त्या बर्फाला धरतात. कल्पना जुनी आहे, फिनलंडच्या नोकियाने १९३४ मध्येच ट्रकसाठी विंटर टायर आणला होता.

घेताना टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, हे चिन्ह बघा. जर्मनीत रस्त्यावर बर्फ किंवा गोठलेला थर असेल तेव्हा हे चिन्ह असलेले टायर सक्तीचे आहेत. नुसतं एम प्लस एस लिहिलेले टायर ऑक्टोबर २०२४ पासून चालत नाहीत. पकडलं तर ६० युरो दंड आणि लायसन्सवर एक पॉइंट. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये तर १ डिसेंबर ते १५ मार्च सरसकट सक्ती आहे, हवा कशीही असो. जर्मन लोकांचा साधा हिशोब आहे, ऑक्टोबर ते ईस्टर. ट्रेडची कायदेशीर मर्यादा १.६ मिलिमीटर असली तरी बर्फासाठी ४ मिलिमीटरखाली गेलेला टायर बदललेला बरा. टायर किती जुना ते बाजूच्या चार आकड्यांवरून कळतं. ३५२१ म्हणजे २०२१ चा पस्तिसावा आठवडा.

चारही बदलायचे. ताकद मागे आहे म्हणून मागचे दोनच बदलले तर गाडी निघेल मस्त, पण वळणावर पुढची चाकं सरळ जातील आणि ब्रेकलाही तीच कमी पडतील. सध्याच्या एमएक्स-५ ला १७ इंची रिमवर २०५ रुंदीचे किंवा १६ इंचीवर १९५ चे टायर येतात. हिवाळ्यासाठी १६ इंची वेगळा सेट घेणं शहाणपणाचं. अरुंद टायर बर्फात जास्त खोल रुततो आणि पाण्यावर उशिरा तरंगतो. मात्र मोठे ब्रेक बसवलेल्या मॉडेलवर १६ इंची रिम बसतेच असं नाही, आधी गाडीच्या कागदपत्रांत बघून घ्या.

डिकीत वाळूची पोती टाकण्याचा सल्लाही मिळेल. रिकाम्या पिकअपला त्याने फरक पडतो. इथे १३० लिटरच्या डिकीत ४० किलो टाकून मागचं वजन ५० वरून ५२ टक्के होतं, आणि थांबायला काहीच मदत होत नाही. शिवाय पोतं नीट बांधलेलं नसलं तर वळणावर तेच सरकणार.

चालवताना

सगळ्यात जास्त घोळ ॲक्सिलरेटर दाबल्याने होतो असं वाटतं. पण सोडल्यानेही तेवढाच होतो. मॅन्युअल गिअरच्या गाडीत गोठलेल्या उतारावर तिसऱ्यातून दुसरा टाकून क्लच पटकन सोडला, की इंजिनचा ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना लागतो. म्हणजे चालत्या गाडीत हँडब्रेक ओढल्यासारखंच. शेपूट बाहेर येतं. उपाय सोपा आहे, गिअर आधीच बदला, क्लच हळू सोडा, आणि मागचं घसरायला लागलंच तर क्लच दाबून चाकं मोकळी करा आणि जिकडे जायचंय तिकडे स्टिअरिंग धरा. निघताना दुसऱ्या गिअरवर निघा.

इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, जे अमेरिकेत २०१२ मॉडेलपासून आणि युरोपात २०१४ च्या शेवटापासून प्रत्येक नव्या गाडीला सक्तीचं आहे, एकेका चाकाला ब्रेक लावून शेपूट सावरतं. त्याआधीची एमएक्स-५ घेत असाल तर ते आहे का ते विचारा. हिवाळी वापरासाठी ही माझी अट असेल. ते नेहमी चालूच ठेवायचं, अपवाद एक. गाडी बर्फात रुतली की ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनची ताकदच कापतं, तेव्हा बटण बंद करून पुढे-मागे झुलवत बाहेर काढायची. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल इथे मदत करतं, पण वळणावर दोन्ही चाकं एकदम फिरायला लागली तर गाडी लवकर आडवीही होते.

जिथे हार मानायची ते म्हणजे खोली. या गाडीच्या पोटाखाली साधारण १३-१४ सेंटीमीटर जागा आहे. त्याहून जाड बर्फ पडला तर गाडी पोटावर बसते, चाकं लोंबकळतात, आणि टायर कितीही भारी असला तरी उपयोग नाही. शहरात रस्ते सकाळी साफ होतात. डोंगरातल्या गावात राहत असाल, किंवा बर्फ असला तरी ड्युटीवर पोचावंच लागणारी नोकरी असेल, तर ही तुमची एकमेव गाडी नको.

मिठाचं काय?

खरं सांगायचं तर लोक गाडी गॅरेजमध्ये ठेवतात ते घसरण्याच्या भीतीपेक्षा मिठाच्या भीतीने. रस्त्यावर टाकलेलं मीठ बर्फ वितळवतं, आणि ते खारं पाणी पत्र्याच्या सांध्यात शिरून गंज पकडतं. पहिल्या दोन पिढ्यांच्या एमएक्स-५ मध्ये छताचं पाणी ज्या नळ्यांतून खाली जातं त्या पानांनी तुंबतात, आणि मग दाराखालचा पत्रा, ज्याला सिल म्हणतात, आतून सडतो. वरून रंग चकचकीतच दिसतो. रोज वापरणार असाल तर दर दोन आठवड्यांनी गाडीच्या पोटाखाली पाण्याचा फवारा मारून घ्या, थंडीआधी पोकळ भागांत मेणाचं कोटिंग करून घ्या, आणि त्या नळ्या साफ ठेवा. कापडी छत गोठलेलं असताना उघडू नका. पहिल्या पिढीतली मागची प्लॅस्टिकची काच थंडीत दुमडली तर तडकते. दारांच्या रबरांना सिलिकॉन लावलं तर ती सकाळी चिकटत नाहीत.

जुनी गाडी बघायला जाताना मागच्या चाकाच्या पुढचा, दाराखालचा तो पत्रा अंगठ्याने दाबून बघा. दबला किंवा कुरकुरला, तर किंमत कितीही कमी असली तरी दुसरी गाडी बघा.