गॅसबत्ती ते सायलेन्सर

माझ्या लहानपणी शहागंजात वीज गेली की घड्याळाच्या मनोऱ्याजवळच्या हातगाड्यांवर गॅसबत्त्या पेटत. त्यांचा तो फसफस आवाज, पांढराशुभ्र उजेड आणि काचेच्या आत लोंबणारी राखेची नाजूक जाळी, म्हणजे मॅण्टल. एकदा मी थंड बत्तीतल्या जाळीला बोट लावले. ती विरून गेली आणि वडिलांचा धपाटा बसला. नव्या जाळीला पैसे पडत.

ही जाळी शोधून काढली कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने. १८९१ च्या सुमारास त्याने ९९ टक्के थोरियम ऑक्साइडमध्ये १ टक्का सिरियम ऑक्साइड मिसळले आणि उजेड लख्ख झाला. १९०९ मध्ये त्रावणकोरच्या किनाऱ्यावर मोनाझाइट वाळू सापडली. तिच्यातले थोरियम युरोपातल्या जाळ्यांसाठी जाऊ लागले. मागे बरेच सिरियम उरे. दुर्मिळ मृदा धातूंत गणले जात असले, तरी पृथ्वीच्या कवचात ते जवळपास तांब्याइतके आहे. पण त्याला गिऱ्हाईक नव्हते. आउअरनेच त्यात लोखंड मिसळून लायटरचा खडा बनवला.

सिरियमचे खरे मोल कळायला मात्र आणखी अर्ध्या शतकाहून अधिक काळ जावा लागला.

वायूचे रेणू घन पदार्थाच्या पृष्ठभागाला चिकटतात, त्याला अधिशोषण म्हणतात. प्लॅटिनमवर विषारी कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन शेजारी शेजारी बसले, की विषाचे साध्या कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर होते. पण अमेरिकन शास्त्रज्ञ आयर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९२२ मध्ये एक अडचण दाखवून दिली. धातू थंड असेल, तर कार्बन मोनॉक्साइड सगळी जागा अडवून बसतो. सिटी बसमध्ये एकच वऱ्हाड शिरावे आणि बाकीच्यांना पाय ठेवायला जागा उरू नये, तसे हे!

इथे सिरियम उपयोगी पडले. ऑक्सिजन मुबलक असताना ते तो साठवते, आणि कमी पडला की देऊन टाकते. धातूच्या कणाला ते काठावरून ऑक्सिजन पुरवते. १९७० च्या दशकात फोर्ड कंपनीत ऑक्सिजन साठवण्याच्या या गुणावर ज्यांनी काम केले, त्यांत मुंबई विद्यापीठात शिकलेले हरेन गांधी होते. २००२ चे अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक त्यांना मिळाले.

आपल्याकडे १९९५ पासून चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल मोटारींना असे शुद्धीकरण यंत्र सक्तीचे झाले. शिसे या पृष्ठभागावर बसून तो निकामी करते, म्हणून शिसेविरहित पेट्रोलही आले. २००० मध्ये ते देशभर लागू झाले.

मध्यंतरी माझ्या जुन्या गाडीचा सायलेन्सर खोलून मेकॅनिक म्हणाला, "काका, आतली जाळी काढून टाकू का? गाडी मोकळी पळेल." खोटे कशाला सांगू, क्षणभर मोह झाला. मग शहागंजच्या चौकात, गाड्यांच्या नळ्यांच्या उंचीवर बसून दिवसभर भाजी विकणाऱ्या बायका डोळ्यांपुढे आल्या.

"राहू दे," मी म्हणालो. एक जाळी लहानपणी मोडली होती, तेवढी पुरे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)