मेट्रोचा डबा आणि मनमाडचा प्रश्न

वर्तकनगरातून चालत कॅडबरी जंक्शनला आले की डोक्यावर मेट्रोचा पूल येतो. वडाळ्याहून कासारवडवलीकडे जाणारी ही मेट्रो चार. सप्टेंबर २०२५ मध्ये घोडबंदर रस्त्यावर तिची चाचणी झाली आणि आमच्या वस्तीत दोनच विषय उरले : खोलीचा भाव किती वाढेल आणि वेळ किती वाचेल. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलाने मात्र तिसरेच विचारले. "सर, मेट्रोत कुणी कुणाला जात विचारत नाही. मग शहरातली जात आता संपतच आली ना?"

प्रश्न भाबडा वाटेल, पण तो नवा नाही. तो याच ठाण्याइतका, म्हणजे इथल्या रेल्वेइतका जुना आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली. चौदा डबे, चारशेच्या आसपास निमंत्रित, एकवीस मैलांचे अंतर. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. त्या १८५३ सालच्या ऑगस्टमध्ये लंडनमध्ये बसून कार्ल मार्क्सने एका अमेरिकन वृत्तपत्रात भाकीत केले की, रेल्वेतून उभे राहणारे उद्योग वंशपरंपरेने चालत आलेली श्रमविभागणी मोडून काढतील आणि तिच्या आधारावर उभ्या असलेल्या जातीही कोसळतील. आपल्यातल्या अनेकांना हे भाकीत अजून प्रिय आहे. ते अर्धे खरे ठरले, हे मान्य केले पाहिजे. तिकीट काढणाऱ्याला रेल्वेने बाकावर बसू दिले. शिवाशिव पाळणाऱ्यालाही गर्दीत खांद्याला खांदा लावावाच लागला.

पण उरलेल्या अर्ध्याचे काय? याचे उत्तर मसूरच्या फलाटावर मिळते. १९०१ साली बाल भीमराव आपला भाऊ व भाचे यांच्यासह साताऱ्याहून वडिलांकडे निघाला. गाडीत मुलांना त्रास झाला नाही. मसूरला उतरल्यावर नीटनेटक्या कपड्यांतली ही मुले कोण, याची स्टेशनमास्तराने चौकशी केली. महार हा शब्द ऐकताच त्याचा नूर पालटला. गाडीवानांनी मुलांना नेण्यास नकार दिला. अखेर दुप्पट भाडे देऊन, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, अशा अटीवर बैलगाडी मिळाली. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत ही हकिगत लिहून ठेवली आहे. जात गाडीत गप्प बसली होती. फलाटावर उतरताच ती बोलू लागली.

सदतीस वर्षांनी, १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी, मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्षपदावरून बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, हे आपण नेहमी उद्धृत करतो. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेच्या नोकऱ्यांची जी चिरफाड केली, तिकडे आपले दुर्लक्ष होते. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला साधा पोर्टरही का होता येत नाही? कारण पोर्टरला स्टेशनमास्तराच्या घरची कामे करावी लागतात आणि सवर्ण स्टेशनमास्तराला घरात अस्पृश्य चालत नाही. विटाळाने रुळांवरचा माणूस फलाटावर चढू दिला नाही. जात कामे वाटत नाही, ती कामगारांनाच एकमेकांपासून तोडते, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवले होते. रेल्वेने तो सिद्धांत लोखंडात ओतला, एवढेच.

मी हे कोरड्या अलिप्तपणाने लिहू शकत नाही. माझे वडील गँगमन होते. हातोडा घेऊन ते रोज मैलोगणती रूळ तपासत चालत. पण नोकरी कायमची होती. पगार ठरल्या तारखेला होई, पास मिळे, पुढे निवृत्तिवेतन आले. त्या नोकरीवर आम्ही तिघे भावंडे शिकलो आणि मी शिक्षक झालो. खालच्या पायरीवरची का होईना, पायरी पक्की होती. आपल्यातली एक अख्खी पिढी अशा पक्क्या पायरीवरून वर चढली.

मेट्रोची पायरी कशी आहे? ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो तीन कफ परेडपर्यंत सुरू झाल्यावर त्या मुलाला घेऊन मी गेलो. बसने ठाणे स्टेशन, लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो एकने मरोळ नाका आणि पुढे भुयारातून कफ परेड. गार हवा, चकचकीत फरशी, आपोआप उघडणारी दारे. मुलगा हरखला होता. वाटेत एका स्थानकावर एक बाई फरशी पुसत होती. "ताई, नोकरी कायम आहे का?" मी विचारले. ती हसली. "कायम कसली, काका? ठेकेदाराची माणसं आम्ही." निघताना मी जयभीम म्हणालो. तिने इकडेतिकडे पाहिले आणि हळूच जयभीम म्हटले.

एका बाईवरून सिद्धांत मांडू नये, हे मला कळते. पण काही गोष्टी उघड आहेत. मेट्रो तीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सुमारे साडेतेहेतीस किलोमीटरला, ७० रुपये पडतात. ठाण्याहून बोरीबंदर जवळजवळ तेवढेच लांब आहे. तिथे लोकलच्या दुसऱ्या वर्गाला वीस रुपयेही लागत नाहीत. इथे जात विचारत नाहीत, खिसा विचारतात. आणि आपल्या देशात रिकाम्या खिशाची जात शोधायला फार लांब जावे लागत नाही. दुसरे असे की, ठेकेदाराकडच्या नोकरीला सरकारी नोकरीसारखे आरक्षण नाही, बढतीची वाट नाही. गँगमनच्या डोक्यावर छत होते, ते फोडायचे होते. या बाईच्या पायाखाली जमीनच नाही.

आणि घाण साफ करण्याचे काम यंत्राने आपोआप संपते, असेही समजू नये. हाताने मैला साफ करण्यास बंदी करणाऱ्या २०१३ सालच्या कायद्याला आपल्या व्याख्येत रेल्वेरुळांचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला. पहिल्या गाडीला तेव्हा एकशे साठ वर्षे झाली होती!

मेट्रोला विरोध करावा, असे मी म्हणत नाही. वर्तकनगरच्या माणसाला गर्दीत लोंबकळत जाण्यापासून सुटका हवीच आहे. पण बाकावरची समता पाहून समाधान मानायचे नसते, हा मनमाडचा धडा आहे. कॅडबरी जंक्शनच्या पुलाकडे पाहताना आपल्या कार्यकर्त्यांनी भाव आणि वेळ यांपलीकडचे विचारावे. या मार्गावर कायम पदे किती, ठेक्यावरची किती? चालकाच्या खोलीत कोण, नियंत्रण कक्षात कोण आणि फरशीवर कोण? माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. विद्यार्थ्यांनी एकेका स्थानकाचा हिशेब मागावा आणि तो छापावा.

परतताना त्या मुलाने पुन्हा काही विचारले नाही. ठाण्याला उतरल्यावर तो एवढेच म्हणाला, "सर, आपण बसलेल्यांकडेच बघत होतो."